पहिलं बाळंतपण आणि घरात मोठं कोणी नाही: फाईलमध्ये नेमकं काय बघायचं? (ठाणे)

कासारवडवलीकर

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. बायकोला नववा आठवडा लागलाय. आम्ही घोडबंदर रोडला, कासारवडवलीत राहतो. माझी आई नाही, सासूबाई चिपळूणला. 'अगं, असं नको करूस' म्हणणारं घरात कोणी नाही. ते काम सध्या यूट्यूब करतंय आणि त्यामुळे आम्ही दोघंही घाबरून बसलोय.

काल नौपाड्यात डॉक्टरांकडे पहिली फेरी झाली. दीड तास बाहेर, सात मिनिटं आत. हातात भलीमोठी यादी आली: सीबीसी, रक्तगट, थायरॉइड, साखर, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, व्हीडीआरएल (गुप्तरोगाची तपासणी), लघवी. फॉलिक अ‍ॅसिड चालू केलंय. पुढची सोनोग्राफी बाराव्या आठवड्यात.

हे सगळं कशासाठी असतं, नऊ महिन्यांत काय काय होतं आणि मी, म्हणजे नवऱ्याने, नेमकं कशावर लक्ष ठेवायचं? दुसरं म्हणजे पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला हवं असं चिपळूणहून रोज फोनवर ऐकतोय. तुम्ही काय केलंत?

हळीव

अभिनंदन! उलट्यांसाठी: सकाळी उठायच्या आधी अंथरुणातच कोरडं काहीतरी, खाकरा किंवा चुरमुरे. मग पाच-दहा मिनिटांनी उठायचं. चहा नंतर. पाणीसुद्धा पोटात ठरत नसेल आणि लघवी कमी होत असेल तर मात्र घरगुती उपाय करत बसू नका, सलाईन लागतं. मला वाशीत दोन दिवस ठेवलं होतं.

सिस्टर_मावशी

अभिनंदन. यादी बरोबर आहे. आता मला सांगा, काल सूनबाईंचं बीपी किती होतं? वजन किती? फाईल न बघता.

कासारवडवलीकर

नाही माहीत. सोनोग्राफीचा फोटो आहे.

सिस्टर_मावशी

फोटो आहे ना, आणि तो चिपळूणपर्यंत गेलाही असेल. रागावत नाहीये, सगळ्यांचं असंच असतं.

मी ३२ वर्षं प्रसूतिगृहात काढली, त्यातली निम्मी तरी सोनोग्राफीचं मशीन नसतानाची. बाई आली की वजन, बीपी, खालची पापणी ओढून डोळ्याचा रंग, पायावर अंगठा दाबून खड्डा पडतो का, पोटावर हात. मग लघवी. तेव्हा पट्ट्या नव्हत्या. काचनळीत लघवी घ्यायची, तळ चिमट्यात धरून वरचा भाग स्पिरिटच्या दिव्यावर धरायचा. साखरेच्या पाण्यात लिंबू पिळल्यावर येतो ना, तसा ढग वर यायचा. मग अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचे दोन-तीन थेंब. ढग विरला तर काही नाही, क्षार असतात. नाही विरला तर अल्ब्युमिन, म्हणजे लघवीतून प्रथिन जातंय. तो पांढरा ढग तसाच राहिला की आमच्या मोठ्या बाई खुर्चीतून उठायच्या. कारण बीपी वाढलेलं आणि लघवीत अल्ब्युमिन, ही दोन्ही एकत्र दिसली की पुढे झटके येऊ शकतात आणि आई-बाळ दोघांच्या जिवाशी गाठ असते.

आज तीच तपासणी पट्टी बुडवून एका मिनिटात होते. बीपीला दोन मिनिटं. पैसे जवळजवळ नाहीतच. आणि राहून जातं तेही तेच. म्हणून तुमचं काम एवढंच: एक वही करा. प्रत्येक फेरीला तारीख, आठवडा, वजन, बीपी, हिमोग्लोबिन, लघवी. न सांगितल्यास विचारा. 'नॉर्मल आहे' हे उत्तर चालणार नाही, आकडा हवा.

खाडीपलीकडे

मी स्त्रीरोगतज्ज्ञ, नेरुळला प्रॅक्टिस करते. इथे कुणाला औषध लिहून देत नाही, पण नकाशा सांगू शकते. सिस्टरांच्या वहीला १०० पैकी १००.

तारीख: शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसात ९ महिने ७ दिवस मिळवायचे. म्हणजे २८० दिवस. पण नेमक्या त्या दिवशी जन्मणारी बाळं फार थोडी. ३७ आठवडे पूर्ण झाले की बाळ मुदतीचं धरतात. पाळी अनियमित असेल तर पहिल्या तिमाहीतल्या सोनोग्राफीवरून तारीख पक्की करतात आणि मग ती सारखी बदलत नाहीत. नवव्या महिन्यातल्या सोनोग्राफीवर वेगळी तारीख दिसली की लोक गोंधळतात. ती तारीख विसरा.

११ ते १४ आठवड्यांच्या मध्ये एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागची जाडी मोजणारी सोनोग्राफी) आणि सोबत रक्ततपासणी. १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास बाळाच्या अवयवांची सविस्तर सोनोग्राफी. ही चुकवू नका, काही दोष त्याच वेळी दिसतात आणि निर्णयाला वेळ मिळतो. सोनोग्राफीच्या वेळी ओळखपत्र आणि फॉर्म भरून घेतात, तो १९९४ च्या पीसीपीएनडीटी कायद्याचा भाग आहे. मुलगा की मुलगी हे विचारणं आणि सांगणं दोन्ही गुन्हा, तेव्हा गमतीतही विचारू नका.

साखर: सुरुवातीला एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून २ तासांनी रक्त घेतात. १४० किंवा त्याहून जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह धरून आहार आणि गरज पडल्यास औषध.

मिसेसचा रक्तगट निगेटिव्ह असेल आणि तुमचा पॉझिटिव्ह, तर अँटी-डी इंजेक्शन: साधारण २८ व्या आठवड्यात, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत. मध्येच रक्तस्राव झाला किंवा गर्भपात झाला तरी. पुढच्या बाळासाठी ते महत्त्वाचं असतं.

पूर्वी धनुर्वाताचं इंजेक्शन म्हणायचो ते आता टीडी (धनुर्वात आणि घटसर्प). पहिल्या खेपेला दोन डोस, ४ आठवड्यांच्या अंतराने.

आणि एक विचारा: बीपीचा धोका जास्त असलेल्यांना साधारण बाराव्या आठवड्यापासून कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन देतात. मिसेसना लागते का, हे डॉक्टरांना विचारा. स्वतःहून चालू करू नका.

शून्य_गुण

आमच्या आजीला ९ पोरं झाली घरात. कसला स्कॅन आणि कसलं काय.

हळीव

आणि त्यातली जगली किती?

शून्य_गुण

पाच.

(तुम्ही विचारलंत म्हणून मीही पहिल्यांदाच मोजली.)

पाचपाखाडी

आजीवरून आठवलं म्हणून विषयांतर करतो. १८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइस नावाचा डॉक्टर होता. त्याच्या इस्पितळात दोन प्रसूती विभाग. एकात सुईणी शिकायच्या, दुसऱ्यात डॉक्टर. डॉक्टरांच्या विभागात सूतिकाज्वराने बाया खूपच जास्त मरायच्या. याला कळलं की विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच लेबर रूममध्ये येतात. त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू एकदम खाली आले. मोठ्या डॉक्टरांना ते पटलं नाही, आमचे हात घाणेरडे म्हणतोस काय! बिचारा शेवटी वेड्यांच्या इस्पितळात वारला. आमच्याकडे सुइणीला गरम पाणी आणि नवं ब्लेड मागायला लोक लाजायचे, तशातलंच.

सिस्टर_मावशी

विषयांतर नाही हो. बाळ बघायला येणाऱ्या आत्या-मावश्यांना आधी बेसिनकडे पाठवा. पापा घेऊ देऊ नका. वाईट दिसलं तरी चालेल.

कासारवडवलीकर

१३ आठवडे. वही केली. वजन ५४, बीपी ११०/७०, हिमोग्लोबिन ९.८. एनटी ठीक. हिमोग्लोबिनवर डॉक्टर म्हणाल्या गोळ्या घ्या, बीट खा. सासूबाई म्हणतात खजूर. पपईचं नाव काढलं तर फोन कट होतो.

खाडीपलीकडे

गरोदरपणात ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी. बीट लाल असतं म्हणून रक्त वाढतं हा रंगाचा गैरसमज, खा, पण त्याच्या भरवशावर राहू नका. हळीव, नाचणी, हिरव्या पालेभाज्या, मांसाहारी असाल तर मटण. भाजीवर लिंबू पिळा, लोह शोषायला मदत होते. पण ९.८ नुसत्या जेवणाने ११ वर जात नाही, गोळी लागतेच. सरकारी कार्यक्रमातही १८० दिवस रोज एक गोळी देतात आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस.

शौचाला काळं होईल, घाबरू नका. चहा-कॉफीसोबत आणि कॅल्शियमच्या गोळीसोबत घेऊ नका, एकमेकींना अडवतात. लोह रात्री झोपताना, कॅल्शियम दुपारी-संध्याकाळी जेवणानंतर, असं काहीतरी बसवा. बद्धकोष्ठता झाली तर गोळी बंद करू नका, सांगा, दुसरी देतात.

पिकलेली पपई खाऊन काही होत नाही. कच्ची टाळा. सासूबाईंशी वाद घालू नका, नऊ महिने पपई नाही खाल्ली तर काही बिघडत नाही.

हळीव

माझं नावच हळीव, तेव्हा बोलणं भाग आहे. लाडू बाळंतपणानंतरचे म्हणून ठेवू नका, अधूनमधून हळिवाची खीर चालते. आणि डोहाळे म्हणून माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटले तर हसण्यावारी नेऊ नका. रक्त कमी असल्याची ती खूण असते. मी खडू खायचे, लाज वाटून दोन महिने सांगितलं नव्हतं.

निशिगंध_ऐरोली

हा धागा वाचून मला माझं लिहावंसं वाटलं. जरा लांबेल.

माझं पहिलं बाळंतपण, सहा वर्षांपूर्वी. ३४ वा आठवडा. आधीच्या दोन फेऱ्यांना बीपी घेतलंच नव्हतं, 'मशीन बिघडलंय, पुढच्या वेळी' असं झालं. मीही काही बोलले नाही, बाळाचे ठोके ऐकवले होते ना, आनंदात घरी आले. मग अंगठी निघेना. नवरा म्हणाला शेवटच्या महिन्यांत सूज येतेच. पायांवर येते हे खरं, माझ्या चेहऱ्यावर होती. सकाळी डोळे उघडायला जड. डोकं दुखायचं, वाटलं स्क्रीनमुळे. एका रात्री छातीच्या खाली, उजवीकडे, बरगडीपाशी कळ धरली. अ‍ॅसिडिटी म्हणून थंड दूध प्यायले. दूध पिताना पेल्याच्या कडेला चकाकणाऱ्या रेषा दिसायला लागल्या, टीव्हीला मुंग्या येतात तशा.

शेजारच्या काकूंकडे काकांचं बीपीचं मशीन होतं. १७०/११०. काकूंना वाटलं मशीन खराब आहे, पुन्हा घेतलं. तेवढंच.

रात्री साडेअकराला दाखल. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सल्फेट, त्याने अंगातून आग गेल्यासारखं होतं. पहाटे सिझर. मुलगा १ किलो ८००, बारा दिवस काचेच्या पेटीत. आज पहिलीत आहे आणि मला वैताग देतो.

ते थंड दूध अजून आठवतं. अर्धा पेला ओट्यावर तसाच होता, चार दिवसांनी नवऱ्याने ओतला.

सिस्टर_मावशी

बरगडीखालची कळ म्हणजे यकृतावर ताण. ती अ‍ॅसिडिटी म्हणून घरी राहिलेल्या बायका मी पाहिल्यात. पोरी, बरं झालं लिहिलंस.

कासारवडवलीकर, फ्रिजवर लावा: जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं किंवा अंधारी, बरगडीखाली दुखणं, चेहऱ्या-हातांवर सूज, अंगावरून रक्त, अंगावरून पाणी, ताप, झटका, बाळाची हालचाल मंदावणं. यातलं काहीही झालं तर उद्याची वाट बघायची नाही. रात्री दोनला फोन केला म्हणून कोणी डॉक्टर खात नाही.

कासारवडवलीकर

२१ आठवडे. सविस्तर सोनोग्राफी व्यवस्थित. हिमोग्लोबिन १०.६. चार दिवसांपूर्वी पहिल्यांदा बाळ हललं, ऑफिसमधून फोन करून सांगितलं तिने, मी ऐरोली पुलावर ट्रॅफिकमध्ये.

दुसरा प्रश्न. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंनाही पाचवा महिना आहे, दुसरी खेप. अजून कुठेच नाव घातलेलं नाही. म्हणतात, नववा लागला की बघू. नवरा रोजंदारीवर. त्यांना काय सांगू?

सिस्टर_मावशी

उद्याच घेऊन जा. जवळच्या महापालिका आरोग्य केंद्रात नाव घालायचं, माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं. ते कार्ड जिथे जाल तिथे न्यायचं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी ठिकाणी गरोदर बायांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते, २०१६ पासूनची योजना आहे. वस्तीतली आशा (सरकारी आरोग्य सेविका) शोधा, तिला सगळं पाठ असतं.

सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतपण, सिझर लागलं तर तेही, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण, घरून नेणं-आणणं सगळं मोफत. २०११ पासून. नेहमीच्या गाडीसाठी १०२, जीव धोक्यात असेल तर १०८. दारिद्र्यरेषेखालील किंवा अनुसूचित जाती-जमातीतल्या असतील तर जननी सुरक्षा योजनेचे शहरात ६०० रुपये. मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळाला ५,०००, दुसरी खेप असेल आणि मुलगी झाली तर ६,०००. आधार, बँक पासबुक आणि कार्ड तयार ठेवा, पैसे खात्यातच येतात.

पहिलं बाळंतपण कसं झालं तेही विचारा. सिझर होतं का, रक्त खूप गेलं होतं का. दुसरी खेप म्हणजे सोपी असं नसतं.

कासारवडवलीकर

गेलो. पहिल्या वेळी 'दोन बाटल्या रक्त चढवलं' असं आज कळलं. हिमोग्लोबिन ७.९. त्यांना तिथेच शिरेतून लोह देणार आहेत, आणि बाळंतपण कळव्याच्या मोठ्या रुग्णालयात करायचं ठरलंय.

शून्य_गुण

चांगलं केलंत. पण तुमच्या बायकोचं खाजगीत म्हणजे सिझरच होणार, लिहून घ्या. धंदा आहे.

खाडीपलीकडे

राग अगदी बिनबुडाचा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या खाजगी बाळंतपणांत ४७.४ टक्के सिझर होती, सरकारीत १४.३. अवघड केसेस काही फक्त खाजगीत येत नाहीत, तेव्हा यात डॉक्टरांची सोय, पैसा, कोर्टाची भीती हे सगळं आहे. मुहूर्त काढून आणणारे आजी-आजोबाही आहेत, तेही मोजा.

पण बाळाचे ठोके मंदावत असताना 'नॉर्मलच करा' म्हणून दारात अडून बसलेला नवराही मी पाहिलाय. कारण विचारा: आत्ता का, थांबलो तर काय होईल, दुसरा उपाय आहे का. चांगला डॉक्टर दोन वाक्यांत सांगतो. आणि हे आठव्या महिन्यात ओपीडीत विचारा, लेबर रूमच्या दारात नाही.

पाचपाखाडी

माहेरचं काय ठरलं? आमच्या सुनेला सातव्यात ओटी भरून सांगलीला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं आधीचे कागद कुठे? ठाण्यात, कपाटात. सगळ्या तपासण्या पुन्हा.

कासारवडवलीकर

२९ आठवडे. इथेच करायचं ठरलं. सासूबाई आठव्यात इकडे येतायत, डोहाळजेवण कासारवडवलीतच झालं, चंद्राची आरास गच्चीवर. कोकण रेल्वेच्या प्रवासापेक्षा मला भीती होती ती ऐन वेळी डॉक्टर बदलण्याची.

रस्त्याची रंगीत तालीमही केली. रात्री दोनला नौपाडा १८ मिनिटं. संध्याकाळी सातला, मेट्रोचं काम, माजिवड्याचा जाम धरून १ तास १० मिनिटं. मग डॉक्टरांनीच सांगितलं, गर्दीच्या वेळी कळा सुरू झाल्या तर पाच मिनिटांवर यायची वाट बघू नका, आधी निघा.

सिस्टर_मावशी

शहाणे आहात. कळा कंबरेतून पुढे येतात, पोट दगडासारखं होतं, आणि अंतर कमी कमी होत जातं. चालल्यावर थांबल्या तर खोट्या. पाच मिनिटांनी एक, मिनिटभर टिकणारी, असं तासभर चाललं तर खऱ्या. पाणमोट फुटली तर कळा नसल्या तरी निघायचं. पाणी हिरवट असेल तर धावायचं.

आणि बाळाची हालचाल. जेवल्यावर डाव्या कुशीवर पडून मोजायची. दोन तासांत दहा नाही भरल्या तर फोन.

कासारवडवलीकर

३३ आठवडे. सासूबाईंनी आणलेल्या बांगड्या चढेनात. निशिगंधताईंची अंगठी आठवली. घरी मशीन होतं. १४६/९४.

सिस्टर_मावशी

बसवून घेतलंत का? पाठ टेकून, पाय जमिनीवर, पाच मिनिटं गप्प, हात छातीच्या पातळीत. पुन्हा घ्या. आणि काही असो, डॉक्टरांना फोन आत्ता.

कासारवडवलीकर

१४४/९२. निघालो.

कासारवडवलीकर

दोन दिवस ठेवलं. लघवीत अल्ब्युमिन नाही, रक्ततपासण्या ठीक, बाळाची वाढ ठीक. बीपीची गोळी, लॅबेटालॉल, चालू. आठवड्यातून दोनदा तपासणी, ३७ पूर्ण झाले की कळा आणायच्या. वहीत आता दिवसाला दोन आकडे. सासूबाईंनी ती वही देवघरात ठेवली होती, मी परत आणली.

निशिगंध_ऐरोली

वाचून हात गार पडले होते. बांगड्यांना नमस्कार सांगा.

कासारवडवलीकर

काल रात्री मुलगी झाली. २ किलो ७००. कळा आणायला औषध दिल्यावर १६ तास, नॉर्मल, थोडे टाके. सासूबाई आत होत्या, त्यांना सोबत राहू दिलं. रडल्याबरोबर बाळ आईच्या छातीवर ठेवलं, नाळ मिनिटभर थांबून कापली. तासाभरात चीक पाजला. मध पाहिजे म्हणून बाहेर एक आत्या बसल्या होत्या, त्यांना सासूबाईंनीच परत पाठवलं. सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीही नाही, असं बजावून. बाळाला व्हिटॅमिन के, बीसीजी, पोलिओ, हिपॅटायटिस बी झालं.

मावशी, एक विचारायचं होतं. वार पडल्यावर सिस्टर बराच वेळ तिच्या पोटावर हात ठेवून बसल्या होत्या म्हणे. ते काय?

सिस्टर_मावशी

बाळ बाहेर आल्यावर ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात, त्याने गर्भाशय आवळतं. पण आवळलं का, हे हातालाच कळतं. बेंबीच्या खाली चेंडूसारखं टणक लागलं पाहिजे. कणकेच्या गोळ्यासारखं मऊ लागलं तर आत रक्त साठतंय, चोळायचं, औषध वाढवायचं. बाळंतिणीचं रक्त गेलं की मिनिटांत जातं. बाहेर पेढे वाटत असतात तेव्हा आत कोणीतरी पोटावर हात ठेवून बसलेलं असतं. ती बाई चांगली होती, तिला पेढा द्या.

आणि बीपी?

खाडीपलीकडे

मीही तेच विचारणार होते. बीपीच्या बाईला बाळंतपण झालं म्हणजे सुटका नाही. तिसऱ्या ते सहाव्या दिवशी ते पुन्हा वर जातं, तोवर ती घरी आलेली असते. झटका बाळंतपणानंतरही येऊ शकतो. फ्रिजवरचा कागद काढू नका. शेगडीच्या धुरात बसवू नका, आणि ती सारखी रडत असेल, दोन आठवड्यांनीही सावरली नाही, तर तेही डॉक्टरांना सांगा.

कासारवडवलीकर

आज सकाळी १३२/८४. वहीत आहे.

कामाच्या ताईंना पंधरा दिवसांपूर्वी मुलगा झाला, कळव्याला. हिमोग्लोबिन ११.२ वर गेलं होतं.

शून्य_गुण

नाव काय ठेवताय?

कासारवडवलीकर

बारशाला सांगतो. आधी २१ दिवसांत जन्मनोंदणी करायचीय, आणि दुपटी किती लागतात ते कोणीच सांगितलं नाही. बारा आणली होती, सकाळपासून नऊ संपली.

हळीव

तीस.